ऐकणाऱ्यांचा मुलूख

१९३२ सालचा २१ फेब्रुवारी हा रविवार होता. त्या दिवशी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. अठरावा अध्याय संपला १९ जूनला, म्हणजे खानदेशचा सगळा उन्हाळा त्या भिंतींच्या आत गेला. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते, ठिकठिकाणचे सत्याग्रही होते, आणि लेखणी घेऊन बसलेले साने गुरुजी होते. विनोबा बोलत गेले, गुरुजी उतरवून घेत गेले. ती प्रवचनं पुढे देशातल्या कितीतरी भाषांत गेली.

या प्रसंगाची आठवण निघाली की आपण विनोबांबद्दल बोलतो, आणि ते रास्तच आहे. पण मी धुळ्यात राहते, इथल्या कोर्टात वकिली करते, आणि गेली काही वर्षं माझ्या मनात त्या रविवारचे गुरुजी जास्त येतात. तेव्हा त्यांचं वय बत्तीस. अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं शिकवलेला, कविता करणारा, बोलायला उभा राहिला की मुलांच्या डोळ्यांत पाणी आणणारा माणूस. अशा माणसाला दुसऱ्याचं बोलणं ऐकताना स्वतःचं किती सुचत असेल. या ठिकाणी अमुक गोष्ट सांगायला हवी होती, हे वाक्य असं फिरवलं असतं तर अधिक लागलं असतं, असं शंभरदा मनात आलं असेल. ते सगळं बाजूला सारायचं, विनोबांचं वाक्य विनोबांचंच राहू द्यायचं, आणि पुढचं वाक्य येईपर्यंत हात थांबू द्यायचा नाही. एक रविवार हे जमेलही कुणाला. सलग अठरा रविवार जमायला माणूस आतून फार तयार व्हावा लागतो.

शील, चारित्र्य असं आपण म्हणतो तेव्हा माणसाचं बोलणं आणि करणं डोळ्यांपुढे असतं. खरं बोलतो का, शब्द पाळतो का, पैशाला कसा आहे, बायकामुलांशी कसा वागतो. माणूस ऐकतो कसा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणाकुणाचं ऐकतो, हे आपण क्वचितच पाहतो. माझं मत असं बनत गेलंय की ती पारख सगळ्यांत आधी करावी. आणि ती करायला शिकवणारी उदाहरणं आमच्या खानदेशात इतकी आहेत, की हा मुलूख मला ऐकणाऱ्यांचाच वाटतो.

विनोबांचंच घ्या. त्यांची आई रुक्मिणीबाई. तिला संस्कृत गीता कळेना, मराठीत मिळालेली भाषांतरंही जड वाटली, तेव्हा तिने मुलालाच सांगितलं की तूच का करत नाहीस मराठी गीता? १९१८ साली ती गेली. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली १९३० मध्ये. मधल्या बारा वर्षांत किती आंदोलनं झाली, आश्रम झाले, केवढाल्या माणसांशी बोलणी झाली. त्यात एका घरच्या बाईचं, सहज बोलल्यासारखं वाक्य बुडून गेलं नाही. धुळ्यातली प्रवचनं इतकी सोपी का आहेत, याचं उत्तर मला त्या आईपाशी सापडतं. समोर कुणीही बसलेलं असो, तिला कळेल असं बोलायचं हे त्यांनी तिच्याकडून घेतलं असावं.

आणि गुरुजींना हे ऐकणं तुरुंगात अचानक साधलं असं नाही. ते अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात. हे मंदिर १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठजींनी काढलं. गिरणीचा मालक, आणि त्याने आपल्या गावात वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था उभारावी, दूरदूरच्या अभ्यासकांना बोलावून त्यांच्या राहण्याजेवणाची काळजी वाहावी! कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालमधून बोरी नदीच्या काठी येऊन राहिला. मला त्या संस्थेचा अभिमान आहे. पण गुरुजींचं मन तिथे रमलं नाही, आणि १९२४ मध्ये ते त्याच गावातल्या शाळेत शिक्षक झाले, पुढे छात्रालय पाहू लागले. मुलं खेळायला गेली की हे त्यांच्या खोल्या झाडून ठेवत, कपड्यांच्या घड्या घालत, असं सांगतात. ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढत. रोज! त्यासाठी आदल्या दिवशी मुलांत काय झालं, कोण रुसलं, कुणाच्या घरून पत्र आलं नाही, हे कानावर असायला हवं. वेदान्त सोडून ते मुलांकडे गेले असं लोक म्हणतात. मला वाटतं वेदान्त जिथे खरा करायचा तिथे ते गेले. दहा-बारा वर्षांच्या पोराचं गाऱ्हाणं पुरतं ऐकून घेणाऱ्यालाच पुढे विनोबांची अठरा प्रवचनं ऐकता आली.

धुळ्यात अशी आणखी माणसं होऊन गेली. शंकर श्रीकृष्ण देव, नानासाहेब देव, हे इथलेच वकील. १८९३ साली त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढचं आयुष्य रामदासी मठांमधली बाडं शोधण्यात घातलं. माळ्यावर पडलेली, वाळवी लागत चाललेली हस्तलिखितं त्यांनी गावोगाव हिंडून मिळवली, ती आज इथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. रामदासांनी नवविधा भक्ती सांगताना श्रवणावर एक पूर्ण समास खर्च केलाय. देवांनी ते श्रवण जुन्या कागदांपर्यंत नेलं. माझ्याच व्यवसायातला माणूस म्हणून मला त्यांच्याविषयी जास्तच ओढ आहे.

इतिहासाचार्य राजवाडेही अखेर धुळ्यातच वारले, १९२६ च्या शेवटच्या दिवशी. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ लगेच १९२७ मध्ये उभं राहिलं. कुठल्या वाड्यात दप्तर आहे असं कळलं की हा माणूस उपाशीतापाशी तिथे पोचे. त्यांच्या तापटपणाच्या गोष्टीही तितक्याच प्रसिद्ध आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं मोडीतलं अक्षर न् अक्षर ऐकणाऱ्या या माणसाला समोरच्या जिवंत माणसाचं बोलणं कधीकधी सोसत नसे. राजवाड्यांविषयी माझा आदर याने कमी होत नाही. पण शील एका बाजूने पिकलं म्हणजे सगळ्या बाजूंनी पिकतं असं नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळतं. कागद उलटून बोलत नाही. माणूस बोलतो, आणि तिथे खरी कसोटी लागते.

ती कसोटी कशी लागते हे पाहायला तापी-पूर्णेच्या संगमावर जावं लागतं. तिथे चांगदेव नावाचं गाव आहे, चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ आहे. हतनूर धरणाचं पाणी मागे फुगत तिथवर येतं. जवळच कोथळी आणि मेहूण, मुक्ताईची ठिकाणं. मुक्ताई तिथेच वीज कडाडली तेव्हा अंतर्धान पावली असं मानतात. पूर्वीचा एदलाबाद तालुका आता तिच्या नावाने ओळखला जातो. आषाढीला तिची पालखी इथून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असा मोठा मुलूख ओलांडत पंढरपूरला पोचते.

चांगदेवांची कथा सगळ्यांना ठाऊक असते ती वाघाची आणि भिंतीची. मला त्याच्या आधीचा भाग मोलाचा वाटतो. चौदाशे वर्षं योगबळावर जगलेला हा योगी. आळंदीला कुणी ज्ञानदेव म्हणून पोर आहे असं कानावर आलं, पत्र लिहायला बसला, आणि मायना काय घालावा हेच कळेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठा. नमस्कार लिहावा, तर वयाने बालक. शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाचं उत्तर पासष्ट ओव्यांनी दिलं.

आता यात हसण्यासारखं काही नाही असं मी म्हणेन. कोरा कागद पाठवायलाही मोठं मन लागतं. नुसता आशीर्वाद लिहून टाकला असता तरी चौदाशे वर्षांच्या माणसाला कोण नावं ठेवणार होतं? त्याला आपण कुठे उभे आहोत ते कळत नव्हतं आणि त्याने खोटा मायना घातला नाही. पुढे तर त्याने त्याच टोचून बोलणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुलीला गुरू केलं. सिद्धी मिळवायला त्याला चौदाशे वर्षं लागली असतील. त्या मुलीपुढे बसून तिचं ऐकायला लागलेलं बळ त्या सिद्धींमधून आलेलं नव्हतं.

मुक्ताईचा दुसरा प्रसंग ताटीचा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसले, आणि धाकटी बहीण दाराबाहेर उभी राहून त्यांना समजावते आहे. जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, असं ती त्यांना सांगते. ते अभंग आपण मुक्ताईच्या शहाणपणासाठी वाचतो. मला नेहमी दाराच्या आतल्या बाजूचं नवल वाटतं. आत बसलेला माणूस साधा नव्हता. त्याचा अपमान खरा होता, राग रास्त होता. बाहेरची पोर त्याच्याहून लहान, पाठची बहीण. अशा वेळी जगातले बहुतेक थोरले भाऊ काय उत्तर देतात ते आपल्याला घरोघरी ऐकू येतं. ज्ञानदेवांनी दार उघडलं.

हे झालं संतांचं. माझ्या घरात मला हे दिसलं ते एका पाटकऱ्याकडे.

आमचं मूळ गाव पांझरेच्या काठचं, साक्रीच्या खालच्या अंगाला. पांझरेवर फडाची पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात त्या साली एकच पीक, सगळ्यांचं. या फडात ऊस ठरला की ऊस, पलीकडच्यात बाजरी ठरली की बाजरी. बहुतेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असल्याने कुणा एकालाच सगळा ऊस आणि दुसऱ्याला सगळी कोरड, असं होत नसे. पाणी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, वर हवालदार. त्यांना पूर्वी धान्याच्या रूपाने मेहनताना मिळे. कुणाही एका शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात स्वतःचं दारं मोडायचं नाही, म्हणजे पाट फोडून आपलं आपण पाणी घ्यायचं नाही. पाणी पाटकऱ्याच्या हातून यायचं. आता वर धरणं झाली, ज्याची त्याची विहीर आणि बोअर झाली, आणि पुष्कळ ठिकाणी फड नावापुरता उरला. पाणी वाटून घेण्याची इतकी न्यायी पद्धत कागदावर एक ओळ नसताना चालली, याचं मला फार वाटतं.

माझे चुलत आजोबा पाटकरी होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. उंच, काळेसावळे, डोक्याला रुमाल, आणि बोलणं इतकं कमी की नवीन सुनांना ते रागावलेत असंच वाटे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की रात्री-बेरात्री लोक भांडत त्यांच्या ओट्यावर येत. आम्ही खानदेशी माणसं एरवीच मोठ्याने बोलतो, प्रेमानेसुद्धा. त्यात पाण्याचं भांडण. ‘त्यानी मन्ही पाळी खाई टाकी!’ अशा आरोळीने अख्खी गल्ली जागी होई. नाना ओट्यावर निवाडा करत नसत. कंदील घेऊन उठत, दोघांना सोबत घेत आणि ज्या दाऱ्यावरून भांडण आहे तिथे जाऊन पाटाच्या कडेला बसत. सुट्टीत मी हट्टाने मागे जायची.

तिथे बसल्यावर आधी बोलायचा मान पाटाच्या शेवटी ज्याचं शेत आहे त्याचा. पाणी त्याला सगळ्यांत उशिरा पोचतं, म्हणून बोलणं तरी आधी पोचू दे, असं नाना म्हणत. तो बोलत असताना दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. त्याचं संपलंसं वाटलं की नाना म्हणत, ‘बोल भो, आखो काय?’ बोल भाऊ, आणखी काय? तो पुन्हा बोले. पुन्हा तेच, ‘आखो काय?’ तिसऱ्यांदा विचारलं की पाण्याचा विषय मागे पडून दुसरंच काही बाहेर येई. बंधाऱ्याच्या कामाला याचा मुलगा आला नव्हता, किंवा त्याच्या लग्नात याला नीट बसवलं नव्हतं. आणि मग नाना दुसऱ्याकडे वळत. मला वाटे आता हा आपली बाजू मांडणार. पण नाना त्याला सांगत, तुझं मागून. आधी हा काय बोलला ते तू आम्हाला सांग. त्या माणसाला समोरच्याची तक्रार स्वतःच्या तोंडाने सांगावी लागे. चुकला की पहिला माणूस दुरुस्त करी. सांगून होईपर्यंत त्याचा आवाज खाली आलेला असे. कितीतरी भांडणं तिथेच मिटत, नानांनी निवाड्याचा एक शब्दही न बोलता.

लहानपणी मला हे युक्तीसारखं वाटे. कायद्याचं शिक्षण झालं, वकिली सुरू झाली, तेव्हा कळलं की यात युक्ती थोडी आणि तपश्चर्या फार आहे. नानांचं स्वतःचं शेत त्याच पाटाखाली होतं. भांडणाऱ्यांत कधी त्यांचा सख्खा भाऊ असे. रात्री दोन वाजता, दिवसभर फावडं मारलेल्या माणसाने, ज्याचा निकाल आपल्याला आधीच दिसतोय अशा भांडणात तिसऱ्यांदा ‘आखो काय’ विचारायचं, तेही खरोखर उत्तर हवं म्हणून. हे शिकवून येत नाही. त्यांना कुणीतरी कधीतरी असं ऐकलं असेल, नाहीतर त्यांनी स्वतःला रोज थोडं थोडं घडवलं असेल. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. सही करत, तीही फक्त आडनावाशिवायची.

लिहितावाचता न येणाऱ्यांचा विषय निघाला की खानदेशात बहिणाबाई चौधरींचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८८० साली असोद्याला जन्म, जळगावला सासर, १९५१ मध्ये मृत्यू. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने त्यातलं काही उतरवून घेतलं म्हणून ते उरलं. आई गेल्यावर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये ती गाणी छापून आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, म्हणजे पुन्हा गुरुजींसारखंच. ज्याला स्वतःची कविता आहे त्याने आईच्या बोलीतलं गाणं तसंच, तिच्याच उच्चारात ठेवलं. आज उत्तर महाराष्ट्राचं विद्यापीठ त्या निरक्षर बाईच्या नावाने चालतं. पण मला टोचतं ते न उतरवलेल्या गाण्यांचं. त्यांचीच पुष्कळ गाणी हवेत विरली. आणि असोद्यात, यावलमध्ये, शिरपुरात, त्याच काळात जात्यावर गाणाऱ्या ज्या बायकांच्या घरी सोपानदेव नव्हते, त्यांचं काय?

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. ऐकण्याचा हा गुण सगळ्यांनी सारखा शिकावा असं मी म्हणत नाही. आमच्या मुलींना तो जन्मापासून शिकवलेलाच असतो. खाली मान घालून बसणाऱ्या सुनेला ऐकण्याचे धडे द्यायला कुणी जाऊ नये. ज्याच्याकडे न ऐकण्याची सोय आहे, त्याने ऐकलं तर त्याला मोल आहे. चांगदेवांना सोय होती. ज्ञानदेवांना होती. नानांच्या हातात तर पाणीच होतं. म्हणून माणूस पारखताना तो साहेबांपुढे कसा नम्र असतो हे मी पाहत नाही. त्याच्या घरची धाकटी माणसं, त्याच्याकडे कामाला येणारा सालदार, बहिणी, यांचं वाक्य तो पुरं होऊ देतो का, एवढं पाहते. त्यावरून केलेला माझा अंदाज सहसा खरा ठरला आहे.

बहिणींचं मुद्दाम म्हणाले, कारण माझ्या कामात त्याच जास्त दिसतात. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. झोके, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी, आमरस. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. बाप गेलेला असेल तर त्याच दिवसांत बरेचदा आणखी एक काम उरकलं जातं. बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मानेच मिळतो, दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला बाप हयात असो नसो, हेही स्पष्ट केलं. कायदा इतका स्वच्छ झाल्यामुळेच हक्कसोडाची घाई वाढली, असं माझं निरीक्षण आहे. बहिणी सह्या करतातही. बऱ्याच जणी मनापासून करतात, कारण माहेर तुटू नये ही भीती जमिनीच्या तुकड्यापेक्षा मोठी असते. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. माझा आग्रह इतकाच की सही करण्याआधी त्यांना कुणीतरी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

असंच एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. ओळख पटेल असं काही सांगत नाही. दोन भाऊ, एक बहीण, सोबत म्हातारी आई. आई दाराजवळच्या खुर्चीवर बसली, कारण आतली खुर्ची कुणी तिला दिली नाही. कागद तयार करून आणलेला होता, मी फक्त तपासून द्यायचा होता. थोरल्या भावाने सगळं नीट सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बोलण्यात बहिणीबद्दल माया होती. तिच्या लग्नात किती केलं, बाळंतपणं माहेरी कशी झाली, पुढेही कमी पडू देणार नाही. बहीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी तिला विचारलं, ताई, तुम्हाला काय वाटतं? तिच्या आधी धाकटा भाऊ म्हणाला, तिची काही हरकत नाही. मी म्हटलं, त्यांनाच सांगू द्या.

‘काही नाही,’ ती म्हणाली.

मी नानांचा प्रश्न विचारला. आणखी काय? तिने भावांकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. खोलीत कुणीच बोलेना, आणि अशा वेळी वकिलाला काहीतरी बोलून ती वेळ निभावून न्यायची फार सवय असते. मी गप्प राहिले.

‘माले वावर नको,’ ती शेवटी म्हणाली. ‘पन मायना नाववर काय शे? माय कोनाघर राही?’ आईच्या नावावर काय आहे, आई कुणाच्या घरी राहील?

कागदात आईचं नावच नव्हतं. म्हणजे होतं, पण संमती देणारी म्हणून. वाटणीत आईचाही हिस्सा असतो हे भावांना माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मनात तो प्रश्न आला नव्हता. आई आहेच, आपल्यातच राहील, असं धरून चाललेलं होतं. बहिणीच्या मनात तो होता, आणि आज ना उद्या कुणी विचारेल म्हणून ती घेऊन बसली होती.

धाकटा तावातावाने बोलायला लागला. आम्ही आईला टाकणार आहोत का, तुला असं वाटलंच कसं, लोक काय म्हणतील. थोरल्याने त्याला हाताने थांबवलं. मी थोरल्याला विचारलं, ताई काय म्हणाल्या ते तुमच्या शब्दांत सांगाल का? तो जरा चमकला. मग सावकाश म्हणाला, ‘ती म्हणते, तिला नको. पण आईचं आईच्या नावावर असावं. म्हणजे आईला कुणापुढे हात पसरायला लागू नये.’ बहिणीने मान हलवून दुरुस्ती केली. हात पसरायचं ती बोललीच नव्हती. आई कुठे राहील ते आईला विचारा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मग सगळे दाराजवळच्या खुर्चीकडे वळले. आई म्हणाली तिला विहिरीजवळचा तुकडा चालेल. तिथे शेवग्याची झाडं आहेत आणि बसायला सावली आहे. हे इतकं तयार उत्तर होतं की ते तिच्याजवळ कितीतरी दिवसांपासून असणार.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. धाकटा रागातच जिना उतरला. संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. विहिरीजवळचा तुकडा एकट्या आईच्याच नावावर करायचा तर कागद कोणता लागतो, असं त्याला विचारायचं होतं. मी त्याला वाटणीपत्र, मोजणी, मग तलाठ्याकडे फेरफार, असा क्रम सांगितला. धाकट्याचं काय म्हणणं आहे तेही आधी नीट विचारून घ्या म्हटलं, आणि सोमवारी आईला घेऊन या.

‘आक्काले बी लई येऊ का?’ त्याने विचारलं.

हो, म्हटलं, आक्काले बी.